मलावीच्या खेड्यात सेवेसाठी जाताना

आफ्रिकेतील मलावी या देशात सेवाकार्यासाठी जाण्याची इच्छा असलेले आपल्या मंडळ्यांतील तरुण भेटायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा असा असतो की तिथे गेल्यावर आपण नेमके काय करायचे. मी दोनदा तिथे राहून आले. पहिल्यांदा पाच जणांच्या गटाबरोबर जुलै महिन्यात दोन आठवडे, आणि दुसऱ्यांदा एका भगिनीबरोबर जानेवारी ते मार्च असे तीन महिने. या अनुभवावरून मी त्यांना सांगते की आपण पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे काम चालू आहे, ते तिथल्याच लोकांच्या हातात आहे, आणि आधी ते नीट समजून घेतले पाहिजे. मलावीच्या २०१८ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १ कोटी ७५ लाख भरली आणि त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती असल्याचे नोंदवले. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकांचे प्रमाण शंभरात एकही भरत नाही. ज्यांच्या घरात तीन-चार पिढ्या पवित्र शास्त्र वाचले जात आहे, अशा लोकांकडे आपण अल्पसंख्य मंडळीतून जात असतो, हे मनात स्पष्ट असले की पुढच्या पुष्कळ चुका टळतात.

मी नाशिकची. शरणपूर हे नाव लहानपणापासून माझ्या तोंडात आहे. पण तिथल्या मिशनच्या आश्रमात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले वाढली आणि शिकली, ही गोष्ट मला मलावीला जायचे ठरल्यानंतर कळली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा तरुण स्कॉटिश मिशनरी व संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शेवटच्या प्रवासात त्यांच्या तुकडीत होता. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा सोबत्यांनी त्यांचे हृदय तिथल्या एका झाडाखाली पुरले, आणि त्या वेळी अंत्यविधीचा पाठ वाचला तो शरणपुरात शिकलेल्या या जेकबने. पुढे चुमा, सुसी आणि इतर सोबत्यांनी तो देह सुमारे नऊ महिने पायी वाहून समुद्रकिनाऱ्यावरील बागामोयोला पोहोचवला. मलावीत मी ही हकिकत सांगितली की ऐकणारे पुढे सरकून बसत, कारण जेकब आणि चुमा हे दोघे मूळचे याओ समाजातले मानले जातात, आणि याओ लोकांची वस्ती आजही मलावीच्या दक्षिण भागात मोठी आहे. आपल्या गावाचा आणि त्यांच्या देशाचा असा धागा जुळतो, हे मला अभ्यासातून मिळालेले सर्वांत मोठे बळ होते. म्हणून जाण्यापूर्वी दोन महिने त्या देशाचा इतिहास वाचावा, असा माझा आग्रह असतो.

त्या इतिहासात अभिमानाच्या गोष्टी आहेत, तशाच दुखऱ्याही आहेत. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८७५ मध्ये मलावी सरोवराच्या दक्षिण टोकाला केप मॅक्लिअर येथे लिव्हिंगस्टोनिया मिशन सुरू केले. हिवतापाने माणसे दगावू लागली म्हणून ते आधी बंडावे येथे आणि नंतर १८९४ मध्ये उत्तरेच्या डोंगरमाथ्यावर हलवावे लागले. १८७६ मध्ये ब्लँटायर मिशन आले. दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड मंडळीने १८८९ मध्ये मध्य भागात काम सुरू केले आणि त्याचेच पुढे न्खोमा झाले. या तिन्ही मिशनच्या मंडळ्या एकत्र येऊन आजची मध्य आफ्रिकेची प्रेस्बिटेरियन मंडळी उभी राहिली. त्याच भूमीत जॉन चिलेंब्वे या आफ्रिकन पाळकाने १९१५ मध्ये गोऱ्या मळेवाल्यांच्या जुलमाविरुद्ध उठाव केला आणि त्यात त्याचा प्राण गेला. १५ जानेवारीला त्याच्या नावाने राष्ट्रीय सुट्टी असते. एकाच पवित्र शास्त्रातून मळेवाल्याने मजुराला आज्ञाधारकपणा शिकवला आणि त्या मजुराच्या पाळकाने न्यायाची मागणी वाचली, हे ज्याला ठाऊक असेल तो बाहेरून येऊन उपदेश करताना दहा वेळा विचार करील.

तयारीच्या बाबतीत थोडक्यात सांगते. यजमान मंडळीचे रीतसर निमंत्रणपत्र घ्यावे आणि येण्याचा खरा हेतू लिहूनच व्हिसा मागावा. पर्यटक म्हणून जाऊन सेवा करू, असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. मुंबईहून इथिओपियातील अदिस अबाबामार्गे मलावीची राजधानी लिलाँग्वे हा सोयीचा प्रवास आहे, पण इथिओपिया पीतज्वराच्या देशांत मोडत असल्याने ती लस आधीच घेऊन पिवळे प्रमाणपत्र पासपोर्टबरोबर ठेवावे. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालते. विजेचे सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पट्ट्यांचे असते. आफ्रिका म्हणजे उकाडा, अशा समजुतीने आमच्यापैकी कोणीच जाड कपडे घेतले नव्हते. डेडझाच्या पठारावर जुलैच्या पहाटे आम्ही चादरी अंगाभोवती गुंडाळून प्रार्थनेला बसलो. जून-जुलैत जाणाऱ्याने स्वेटर आणि कानटोपी घ्यावीच.

हिवतापाविषयी मात्र सविस्तर सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. तिथला हिवताप मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतू शकणारा. डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात, आणि परत आल्यावरही त्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवाव्यात. डॉक्सिसायक्लिन असेल तर परतल्यानंतर चार आठवडे. आमच्या गटातील एका भावाने घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद केल्या. दोन आठवड्यांनी ताप आला, त्याने साधा सर्दीताप समजून दोन दिवस अंगावर काढला, आणि तिसऱ्या रात्री त्याला शुद्ध राहिली नाही. वेळेवर रक्त तपासले गेले म्हणून तो आज आपल्यात आहे. परतल्यानंतरच्या तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर डॉक्टरांपुढे पहिले वाक्य "मी आफ्रिकेतून आलो आहे" हेच असले पाहिजे. मच्छरदाणीत झोपावे, संध्याकाळी अंगभर कपडे घालावेत, आणि सरोवराचे पाणी कितीही निळेशार दिसले तरी त्यात उतरण्याचा मोह आवरावा, कारण काठच्या पाण्यातील गोगलगायींमुळे बिल्हार्झिया हा रोग होतो.

आमचा मुक्काम पाळकांच्या घरी होता. चिचेवा भाषेत पाळकाला "अबुसा" म्हणतात आणि या शब्दाचा अर्थही मेंढपाळच आहे. घर विटांचे, वर पत्रा, मागच्या अंगणात स्वयंपाकाची वेगळी खोली, आणि थोड्या अंतरावर गवताच्या कुडाची मोरी व संडास. पाच वाजण्याच्या आधीच अंगण झाडण्याचा आवाज येऊ लागे. घरोघरी बायका कमरेत वाकून काटक्यांच्या झाडूने लाल माती झाडत, आणि तिच्यावर झाडूच्या रेघा अर्धवर्तुळात उमटत. आजोळच्या सडा घातलेल्या अंगणाची मला रोज आठवण होई. तिसऱ्या दिवशी मी झाडू मागितला, तेव्हा अबुसांच्या पत्नीने आधी नकार दिला. पाहुण्याने झाडू हातात घ्यायचा नसतो. आठवड्याने मी पुन्हा विचारले, तेव्हा त्यांनी काही न बोलता तो माझ्या हातात दिला. आपण पाहुण्याच्या खुर्चीवरून कधी उठायचे, हे यजमानाने ठरवायचे असते, आणि तोपर्यंत बसून राहणे हेही सौजन्यच आहे.

दिवसाची सुरुवात नमस्काराने होते आणि त्यात घाई चालत नाही. "मुली ब्वांजी?" म्हणजे "कसे आहात?" आपल्या "मुली" या शब्दामुळे हे चटकन लक्षात राहते. उत्तर द्यायचे, "न्दिली ब्विनो, काया इनु?", म्हणजे "मी बरी आहे, आणि तुम्ही?" समोरच्याने आपले उत्तर दिले की "झिकोमो" म्हणून आभार मानायचे, आणि मगच कामाचे बोलायचे. हात मिळवताना डावा हात उजव्या कोपराला लावतात, आणि वस्तू घेताना दोन्ही हात पुढे करतात. कोणाच्या दारात गेल्यावर हाक मारायची ती "ओदी!", आणि आतून होकार येईपर्यंत बाहेरच थांबायचे. माझ्याजवळ शंभरएक शब्दांपेक्षा जास्त चिचेवा कधीच नव्हती, पण एवढ्या शब्दांनी जी दारे उघडली ती इंग्रजीने उघडली नसती. एक गोष्ट मात्र आधी माहीत असावी. गोऱ्यांना तिथे "अझुंगु" म्हणतात आणि आपल्याला "अम्वेन्ये", म्हणजे भारतीय. खेड्यातल्या माणसाला भारतीय भेटलेला असतो तो बहुधा शहरातील दुकानाच्या गल्ल्यावर. एका आजीबाईंनी पहिल्याच रविवारी मला विचारले की तुमचे दुकान कोणत्या गावी आहे. मी ख्रिस्ती आहे आणि उपासनेला आले आहे हे ऐकून त्यांनी माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. भारतात प्रभूचे लोक आहेत, हीच त्यांच्यासाठी नवी बातमी होती.

स्त्रियांनी खेड्यात चितेंजे नेसावे. दोन वारांचे हे छापील कापड कमरेभोवती गुंडाळतात. त्यातच मूल पाठीला बांधतात, ओझे बांधतात, आणि तेच जमिनीवर अंथरून बसतात. बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांना नेहमी इस्त्री करावी. ओलसर कपड्यांवर एक जातीची माशी अंडी घालते, आणि त्यातून निघालेली अळी कातडीत शिरून गळवासारखी सूज येते. कोळशाच्या इस्त्रीने शिवणी आणि काठही नीट तापवून घ्यावे लागतात.

पाणी हापशावरून आणावे लागे. हापशाची रांग पहाटे लागते, आणि वीस लिटरची बादली डोक्यावर घेऊन न सांडता चालणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुली पाहिल्या की आपल्या दुष्काळी भागातल्या लेकी डोळ्यांसमोर येतात. मला बादली कमरेवरच घेता येई, म्हणजे अर्धीच. दिवसाला एक बादली पाण्यात अंघोळ, कपडे आणि तोंड धुणे भागवण्याची सवय निघण्यापूर्वी महिनाभर घरीच करून पाहावी.

जेवण म्हणजे न्सिमा. मी ती करायला शिकले, पण तीन महिन्यांत एकदाही ती त्यांच्यासारखी झाली नाही. आधी आधणात थोडे मक्याचे पीठ घालून पातळ पेज रटरटू देतात. मग मूठमूठ पीठ टाकत लाकडी दांड्याने घोटतात, आणि गोळा जड होत गेला की दोन्ही हात लावून भांड्याच्या कडेशी दाबत फिरवतात. उकडीच्या मोदकांची उकड काढणाऱ्या हाताला ही मेहनत ओळखीची वाटेल, फक्त इथे ती दहा माणसांच्या भांड्यात करायची असते. शेवटी पाण्यात बुडवलेल्या पळीने चपटे गोळे एकावर एक लावतात. जेवण्यापूर्वी घरातील मुलगी गुडघ्यांवर बसून तांब्याने प्रत्येकाच्या हातावर पाणी घालते. तोंडी लावायला कडधान्य, सुकटीची आठवण करून देणारी उसिपा नावाची बारीक सुकी मासळी, किंवा भोपळ्याच्या पानांची भाजी. त्या भाजीत दाण्याचा कूट घालतात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आले, कारण चव अगदी घरची होती. शाकाहारी माणसाचे तिथे अडत नाही; पण पाहुण्यासाठी कोंबडी कापली गेली असेल आणि आपण खात नसलो, तर ते पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगून टाकावे.

जुलैत हे सारे पोटभर असते, कारण मका एप्रिल-मेमध्ये घरात आलेला असतो. जानेवारीत मी तेच गाव पुन्हा पाहिले आणि ओळखले नाही. शेते हिरवीगार होती, मका कमरेइतका वाढला होता, आणि कणगी रिकाम्या होत्या. नवे पीक हाती येण्यापूर्वीचे हे दोन-तीन महिने तिथे भुकेचे म्हणूनच ओळखले जातात. माणसे दुसऱ्याच्या शेतात "गान्यू"ला, म्हणजे रोजच्या मजुरीला जातात, आणि त्यामुळे स्वतःच्या शेतातली खुरपणी मागे पडून पुढच्या वर्षीचे पीकही कमी येते. आमच्या बायबल अभ्यासाला बायका येईनाशा झाल्या, तेव्हा मला आधी वाटले की आमच्याच शिकवण्यात काही उणे असेल. अबुसांच्या पत्नीने समजावले की त्या मजुरीला गेल्या आहेत, संध्याकाळी येतील. आम्ही वेळ बदलली आणि त्या आल्या, चिखलाच्या पायांनी. याच दिवसांत एका दुपारी स्वयंपाकाच्या खोलीत मी सहज डोकावले तेव्हा घरातली मुले पातळ पेज पीत होती, आणि आम्हा दोघींच्या ताटात मात्र रोज दोन वेळा न्सिमा येत होती. मी काही बोलले असते तर घरधनिणीची मान खाली गेली असती. म्हणून त्या रात्री आम्ही दोघींनी ठरवले आणि मंडळीच्या स्त्रियांच्या संघामार्फत पन्नास किलोची मक्याची गोणी त्या घरी पोहोचवली. ती कोणाकडून आली हे त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. खेड्यात घरी राहणार असाल तर जेवणखाणाचा खर्च आधीच, भरपूर धरून, मंडळीच्या खजिनदाराकडे द्यावा. आपण जे खातो ते कोणाच्या ताटातून येते, हे विचारण्याची वेळ येऊ देऊ नये.

उपासना तीन तास चालते. एका पाळकाच्या हाताखाली अनेक प्रार्थनागृहे असतात, म्हणून बहुतेक रविवारी उपासना मंडळीचे वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ सभासदच, चालवतात. लोखंडी चाकाच्या धावेवर दगड मारून घंटा देतात. स्त्रियांचा गायकवृंद, तरुणांचा, मुलांचा, आणि शेजारच्या गावातून पायी आलेला, असे सगळे गातात, वाद्याशिवाय, चार-चार सुरांत. अर्पणाच्या वेळी माणसे नाचत पुढे येतात. आम्ही टाळ नेले होते. एक मराठी भक्तिगीत आम्ही टाळांवर म्हटले, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत मागच्या बाकांवरच्या बायकांनी त्या ठेक्यात आपले टाळ्यांचे अंग मिसळले.

संदेश देण्याची वेळ आली तर तो अर्धाच तयार करावा, कारण दुभाष्यामुळे वेळ दुप्पट लागतो. मी मराठीत विचार करत होते, इंग्रजीत बोलत होते आणि एक तरुण शिक्षक ते चिचेवात सांगत होता. लांब वाक्य बोलले की तो थांबून माझ्याकडे पाही. आदल्या संध्याकाळी दुभाष्याबरोबर बसून उतारा आणि दाखले समजावून सांगणे ही अर्धी तयारी आहे, आणि ती टाळणाऱ्याने दुभाष्याला दोष देऊ नये. मी येशूने दिलेला मोहरीच्या दाण्याचा दाखला निवडला होता. मनात धाकधूक होती की मोहरी त्यांना ठाऊक असेल का. दुभाष्या हसला आणि मला परसात घेऊन गेला. तिथे "म्पिरू"चा वाफा होता. त्यांच्या पवित्र शास्त्रात त्या जागी हाच शब्द आहे, आणि ते मोहरीच्याच जातीच्या पानांची रोजची भाजी करतात. दुसऱ्या दिवशी मी नाशिकहून फोडणीसाठी नेलेली मोहरी तळहातावर घेऊन उभी राहिले आणि एका वडिलांनी आपल्या घरचे म्पिरूचे बी आणले. दोन्ही दाणे हातोहात सगळ्या मंडळीतून फिरले. त्या दिवशी माझा संदेश सात मिनिटांचा झाला. उरलेला वेळ लोकच बोलत होते.

सेवेचा सर्वांत मोठा भाग मात्र व्यासपीठावर घडत नाही. आम्ही शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी तीन दिवसांचे शिबिर आखले होते. दुसऱ्या सकाळी घंटा वेगळ्या लयीत वाजली आणि सगळे उठून निघाले. पलीकडच्या वाडीत एक म्हातारे गृहस्थ वारले होते. अशा वेळी गावात दुसरे काही चालत नाही. पुरुष बाहेर झाडाखाली बसतात आणि काही जण कबर खणायला जातात. बायका देह ठेवलेल्या घरात भुईवर दाटीवाटीने बसून रात्रभर गातात. येणारा प्रत्येक जण पीठ, सरपण किंवा थोडे पैसे आणतो, आणि एक जण ते वहीत नोंदवतो. आमच्या गटातील एकाला शिबिराचा वेळ वाया गेल्याचे वाईट वाटले आणि तसे त्याने बोलूनही दाखवले. अबुसांनी वाद घातला नाही; कोट घातला, पवित्र शास्त्र घेतले आणि आमच्यासाठी दार उघडे धरून उभे राहिले. मी त्या घरात चार तास बसले. मला एकही गीत येत नव्हते. शेजारच्या बाईने आपल्या चितेंजेचा अर्धा भाग माझ्या गुडघ्यांवर ओढून घेतला आणि तिचे मूल माझ्या मांडीवर झोपले. शिबिराचा दीड दिवस गेला, पण उरलेल्या वेळी जे शिक्षक परतले ते मोकळेपणाने प्रश्न विचारू लागले होते. कार्यक्रम आखताना तीन दिवसांत दोन दिवसांचेच काम धरावे आणि मयताच्या घरी जाणे हे त्या कामातच मोजावे.

आता एक चूक सांगते, कारण ती पुन्हा कोणी करू नये. पहिल्या खेपेला आम्ही वह्या-पेन्सिलींचे ऐंशी संच नेले होते. ना गावच्या प्रमुखाला, ज्याला "म्फुमु" म्हणतात, ना शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारता आम्ही प्रार्थनागृहाच्या पायरीवर वाटप सुरू केले. अर्ध्या तासात तीनशेवर मुले जमली. रेटारेटीत एक लहान मुलगी पडली, तिच्या हाताला दुखापत झाली, आणि ज्यांना काही मिळाले नाही ती मुले आमच्या गाडीमागे रडत धावली. त्या मुलीचा हात बरा झाला, पण नंतर तीन गावच्या प्रमुखांकडे पायी जाऊन क्षमा मागण्याची पाळी अबुसांवर आली. पाहुणे निघून जातात आणि मागे उरलेला राग तिथल्या पाळकाला झेलावा लागतो. द्यायचे असेल ते मंडळीच्या किंवा शाळेच्या हाती, नोंद करून द्यावे. रस्त्यात मुलांना गोळ्या-बिस्किटे किंवा पैसे देऊ नयेत. मुलांबरोबर एकट्याने राहू नये, आईवडिलांना विचारल्याशिवाय फोटो काढू नये, आणि आजारी किंवा उघड्या मुलांचे फोटो देणगी मिळवण्यासाठी दाखवणे तर पापच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चेवा लोकांच्या "गुले वाम्कुलू" या मुखवट्यांच्या नृत्याविषयीही संयम ठेवावा. अंत्यविधीला आणि दीक्षाविधीला हे नर्तक येतात. युनेस्कोने २००५ मध्ये ही परंपरा मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशाचा उत्कृष्ट नमुना म्हणून जाहीर केली. मंडळ्या आणि ही परंपरा यांच्यात जुना ताण आहे, पण तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे. रस्त्यात मुखवटेधारी दिसले की आमचा चालक गाडी बाजूला घेऊन शांत उभा राही, आणि आम्ही मोबाइल खाली ठेवत असू. सरोवराकाठच्या मांगोचीकडे मुसलमान वस्ती मोठी आहे. तिथे शेजारधर्म चांगला आहे आणि त्याला तडा जाईल असे काहीही पाहुण्याने बोलू नये.

पैशांची सोय सोपी आहे. खेड्यातही मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या लाल छत्र्या आणि टपऱ्या असतात, आणि त्यांवर आपल्या ओळखीचे एअरटेलचे नाव पाहून गंमत वाटते. पेट्रोल-डिझेलची टंचाई अधूनमधून होते, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच लिलाँग्वेला पोहोचावे.

निघण्याच्या सकाळी यजमान दारातून निरोप देत नाहीत. पाहुण्याला काही अंतर चालत सोडायला जाण्याची तिथे रीत आहे, जशी आपल्याकडे वेशीपर्यंत जाण्याची होती. मार्चच्या शेवटी आम्ही निघालो तेव्हा अबुसा, त्यांच्या पत्नी, स्त्रियांच्या संघातील दहा-बारा जणी आणि मुले डांबरी रस्त्यापर्यंत आली. सामान आमच्या हाती कोणी लागू दिले नाही. त्या वर्षीचे पहिले ओले मक्याचे कणीस त्यांनी भाजून केळीच्या पानात बांधून आणले होते. पिकअप आली, तेव्हा त्या गातच होत्या, आणि वळणाआड गेल्यावरही थोडा वेळ ते गाणे ऐकू येत होते.